हरणासाठी कोणती रायफल?

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यात नोव्हेंबरअखेरीस थँक्सगिव्हिंगचा सण आटोपला, की लाखो माणसे भडक नारिंगी जाकिटे चढवून पहाटेच्या अंधारात रानात शिरतात. हरणाच्या शिकारीचा मुख्य हंगाम तेव्हा सुरू होतो. २०१९ पूर्वी हा हंगाम सणानंतरच्या सोमवारी उघडत असे आणि त्या दिवशी ग्रामीण भागातील कित्येक शाळांना रीतसर सुट्टी असे. शिक्षक आणि विद्यार्थी दोघेही रानात असताना वर्ग भरवायचे तरी कोणासाठी? २०१९ पासून प्रारंभाचा दिवस शनिवारवर आणला गेला. शिकाऱ्यांच्या जुन्या पिढीची त्यावरची नाराजी अद्याप ओसरलेली नाही.

हंगामाच्या आधीचे काही आठवडे बंदुकीच्या दुकानांत एकच चर्चा रंगते : हरणासाठी रायफल कोणती आणि काडतूस कोणत्या कॅलिबरचे? वरवर पाहता हा छंदिष्टांचा प्रश्न. गेल्या दोन दशकांत मात्र त्याला राजकारणाचे, कायद्याचे आणि सार्वजनिक आरोग्याचेही पदर चिकटले आहेत. विशेषतः ही रायफल सेमी-ऑटोमॅटिक असावी काय, हा मुद्दा निघाला की एकाच रानात शेजारीशेजारी मचाण बांधणारे दोघे शिकारीही एकमेकांशी वाद घालू लागतात.

भारतीय वाचकाला ही सारी चर्चाच काहीशी विचित्र वाटेल. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे हरणाची शिकार म्हटली की डोळ्यांपुढे येतो तो न्यायालयाचा खटला. अमेरिकेत स्थिती उलट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथे पांढऱ्या शेपटीची हरणे अवघी पाच लाखांच्या आसपास उरली होती, असा अंदाज सांगितला जातो. पेनसिल्व्हेनियाला तर १९०६ साली मिशिगनमधून हरणे विकत आणून रानात सोडावी लागली. आज देशभरातील ही संख्या सुमारे तीन कोटींच्या घरात आहे. लांडगा आणि कूगर बहुतेक प्रदेशांतून नामशेष झाल्यामुळे हरणांची संख्या रोखण्याचे काम मोटारी आणि शिकारी यांच्याकडेच आले. मोटारी आणि वन्य प्राणी यांच्या धडकांतून दरवर्षी दहा लाखांहून अधिक विमादावे दाखल होतात, असा विमा कंपन्यांचा हिशेब आहे. त्यांतील बहुतांश धडका हरणांशीच होतात. न्यू जर्सीच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना परसातील गुलाब आणि भाजीचे वाफे रातोरात फस्त झाल्याचा अनुभव नवा नाही. पेनसिल्व्हेनियात २०२३-२४ च्या हंगामात शिकाऱ्यांनी टिपलेल्या हरणांची अंदाजे संख्या ४ लाख ३० हजार होती. एवढा मोठा व्यवहार ज्या हत्याराने चालतो, ते कसे असावे यावर वाद होणे म्हणूनच स्वाभाविक आहे.

'आमिश मशिनगन'

सेमी-ऑटोमॅटिक रायफल म्हणजे काय, याविषयी वृत्तपत्रांतूनही बराच गोंधळ आढळतो. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते. मात्र त्या स्फोटातील वायूचा किंवा धक्क्याचा उपयोग करून रायफल रिकामे काडतूस स्वतःच बाहेर फेकते आणि नवे नळीत चढवते. दुसऱ्या गोळीसाठी चाप पुन्हा ओढावा लागतो, पण हाताने बोल्ट मागेपुढे करण्याची गरज उरत नाही. चाप दाबून धरला की गोळ्यांचा सडा पाडणारी ती मशिनगन. शिकारीत तिला कोठेही स्थान नाही.

शिकारीसाठी बनवलेली सेमी-ऑटोमॅटिक रायफल ही काही आजची गोष्ट नव्हे. रेमिंग्टन कंपनीने 'मॉडेल ८' १९०६ साली बाजारात आणले. त्याच कंपनीचे 'वुड्समास्टर ७४२' १९६० मध्ये आले आणि त्यानंतरची वीस वर्षे ते घराघरांत पोहोचले. ब्राउनिंगची 'बीएआर' ही शिकारी रायफल १९६७ ची. पॉलिश केलेला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, चार गोळ्यांचे छोटे मॅगझिन, असे या बंदुकांचे रूप असे. त्यांच्याकडे पाहून कोणाला युद्धाची आठवण होत नसे.

पेनसिल्व्हेनियाने मात्र विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच स्वयंचलित पद्धतीने भरणाऱ्या बंदुकांना शिकारीत मज्जाव केला होता. त्यामागे बंदुकीची भीती नव्हती, प्राणी संपत चालल्याची चिंता होती. भराभर गोळ्या झाडणाऱ्या बंदुका हाती आल्या तर उरलेसुरले वन्यजीवनही संपेल, असा इशारा विल्यम हॉर्नडे यांच्यासारखे निसर्गरक्षक त्या काळात देत होते. पाणपक्ष्यांच्या शिकारीत शॉटगनमध्ये तीनपेक्षा अधिक काडतुसे असू नयेत, हा १९३५ पासूनचा केंद्रीय नियम त्याच विचारातून आला आणि तो आजही लागू आहे.

बंदी आली की पळवाट निघते. १९५२ साली रेमिंग्टनने 'मॉडेल ७६०' ही पंप-ॲक्शन रायफल काढली. नळीखालची मूठ मागे ओढून पुढे सारली की नवे काडतूस चढते. सराईत हातात ती सेमी-ऑटोमॅटिकच्या जवळपास पोहोचणाऱ्या वेगाने चालते, आणि तरीही हाताने चालवायची असल्यामुळे कायद्यात बसते. पेनसिल्व्हेनियात ती इतकी लोकप्रिय झाली, की तिला थट्टेने 'आमिश मशिनगन' म्हटले जाऊ लागले. या राज्यात मोठी वस्ती असलेला आमिश पंथ आधुनिक यंत्रांपासून दूर राहतो. मोटारीऐवजी घोडागाडी वापरणाऱ्यांची ही मशिनगन, असा तो विनोद.

नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याचे तत्कालीन गव्हर्नर टॉम वुल्फ यांनी एका विधेयकावर स्वाक्षरी केली आणि सेमी-ऑटोमॅटिक रायफलींना परवानगी द्यावी की नाही हे ठरवण्याचा अधिकार राज्याच्या गेम कमिशनला मिळाला. जानेवारी २०१७ मध्ये आयोगाने हरणासह सर्व शिकारीसाठी प्राथमिक मान्यताही दिली. शस्त्रनिर्मात्यांच्या दृष्टीने दार उघडले होते. पण मार्चमध्ये अंतिम निर्णयाची वेळ आली तेव्हा आयोगाने माघार घेतली. लहान प्राणी आणि कोल्ह्यासारखे फरधारी प्राणी यांच्यासाठी परवानगी कायम राहिली, हरणासाठी मात्र ती वगळण्यात आली. याचे कारण खुद्द शिकारीच होते. आयोगाने त्यांचे मत अजमावले असता बहुसंख्यांनी हरणाच्या शिकारीत सेमी-ऑटोमॅटिक नको, असे कळवले.

शस्त्रस्वातंत्र्याचा पुरस्कार करणाऱ्या ग्रामीण पेनसिल्व्हेनियातून हे उत्तर यावे, याचे अनेकांना नवल वाटले. वास्तविक त्यात नवल वाटण्यासारखे फारसे नव्हते. हंगामाच्या पहिल्या दिवशी एकाच डोंगरउतारावर डझनावारी शिकारी दबा धरून बसलेले असतात. पळत्या हरणावर कोणी एकामागून एक पाच गोळ्या झाडल्या, तर त्यांतील शेवटची कोठे जाईल, हा प्रश्न त्यांच्या दृष्टीने तात्त्विक नसून जिवाचा असतो. घरात एआर-१५ बाळगण्याचा हक्क हवा, पण शेजारच्या मचाणावर ती नको, अशी भूमिका घेणारा माणूस दुटप्पी असतोच असे नाही.

एका शब्दाची किंमत

या वादाला आजचे टोक आले ते एआर-१५ मुळे. 'एआर' म्हणजे 'ॲसॉल्ट रायफल' हा सार्वत्रिक गैरसमज. ही अक्षरे आर्मालाइट या कंपनीच्या नावातून आली. यूजीन स्टोनर यांच्या रचनेवर आधारलेल्या या रायफलीचे हक्क १९५९ मध्ये कोल्ट कंपनीने घेतले. तिची लष्करी आवृत्ती एम-१६ म्हणून व्हिएतनामला गेली, तर सेमी-ऑटोमॅटिक आवृत्ती नागरी बाजारात आली. १९९४ ते सप्टेंबर २००४ या दहा वर्षांत केंद्रीय कायद्याने अशा काही रायफलींच्या विक्रीवर बंदी होती. त्या कायद्याला जोडलेल्या परिशिष्टात मात्र ब्राउनिंग बीएआर, रेमिंग्टन ७४०० यांसह सहाशेहून अधिक बंदुका नावानिशी वगळल्या होत्या. आतली यंत्रणा तत्त्वतः सारखीच असताना एक वैध आणि दुसरी अवैध ठरली, ती पिस्तुलासारखी मूठ, घडीचा दस्ता आणि सुटे मॅगझिन यांसारख्या बाह्य लक्षणांवरून.

बंदीची मुदत संपल्यानंतर बाजार वेगाने पालटला. शिकारीच्या जगाला मात्र तो बदल पचायला वेळ लागला. जिम झुम्बो हे अमेरिकी शिकारी लेखनातील मोठे नाव. 'आउटडोअर लाइफ' या जुन्या नियतकालिकात त्यांनी वर्षानुवर्षे लिहिले. फेब्रुवारी २००७ मध्ये त्यांनी एआर पद्धतीच्या रायफलींना 'दहशतवाद्यांच्या रायफली' असे संबोधले आणि शिकारीत त्यांना जागा नसावी, असे मत मांडले. काही दिवसांतच पुरस्कर्त्या कंपन्यांनी संबंध तोडले, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम बंद पडला आणि नियतकालिकातील स्थानही गेले. त्यांनी क्षमा मागितली, पण तिचा उपयोग झाला नाही. आयुष्यभर बंदुकीच्या बाजूने उभा राहिलेला माणूस एका परिच्छेदामुळे परका ठरला. २००९ मध्ये शस्त्रव्यवसायाच्या संघटनेने याच रायफलींसाठी 'मॉडर्न स्पोर्टिंग रायफल' हे सोज्वळ नाव रूढ करण्याची मोहीम हाती घेतली.

नाव बदलल्याने वास्तव बदलत नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये पिट्सबर्गमधील ज्यू प्रार्थनास्थळात अकरा जणांचे बळी घेणाऱ्याच्या हाती एआर-१५ होती. जुलै २०२४ मध्ये पेनसिल्व्हेनियातीलच बटलर येथे डोनाल्ड ट्रम्प यांच्यावर झालेला गोळीबारही याच धाटणीच्या रायफलीतून झाला. अशा प्रत्येक घटनेनंतर 'हरणासाठी असली बंदूक कशाला हवी?' हा प्रश्न विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. पण तो विचारणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते, की नेहमीच्या .२२३ काडतुसाची एआर-१५ अनेक राज्यांत हरणासाठी चालत नाही, आणि त्याचे कारण ती फार घातक आहे हे नसून हरणासाठी पुरेशी घातक नाही, हे आहे.

छोटी गोळी, मोठी गोळी

येथे कॅलिबरचा मुद्दा येतो. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने गोळीचा व्यास, इंचाच्या अंशात मोजलेला. .२२३ रेमिंग्टन या काडतुसाची गोळी साधारण ५५ ग्रेनची, म्हणजे साडेतीन ग्रॅमच्या आसपास असते. ती सेकंदाला जवळजवळ ९९० मीटर वेगाने नळीबाहेर पडते. .२४३ विंचेस्टरची १०० ग्रेनची गोळी साडेसहा ग्रॅमची, तर .३०८ विंचेस्टरची १५० ग्रेनची गोळी पावणेदहा ग्रॅमच्या घरातील. नळीच्या तोंडाशी त्यांची ऊर्जा फूट-पाउंडात मोजली तर अनुक्रमे सुमारे १३००, १९५० आणि २६५० भरते. शंभर यार्डांवर पोहोचेपर्यंत .२२३ ची ऊर्जा हजाराच्या खाली उतरते. हजार फूट-पाउंड हा हरणासाठीचा जुना ठोकताळा. कोलोरॅडो राज्याने तर तो नियमातच घातला आहे : किमान .२४ कॅलिबर, हरणासाठी किमान ७० ग्रेनची गोळी आणि शंभर यार्डांवर हजार फूट-पाउंड ऊर्जा. व्हर्जिनियात .२३ ही किमान मर्यादा आहे. टेक्सासमध्ये मात्र कोणतेही सेंटरफायर काडतूस चालते.

पेनसिल्व्हेनियाचा नियम या संदर्भात मोठा मौजेचा आहे. तेथे हाताने चालणारी सेंटरफायर रायफल असली की पुरे, कॅलिबरला किमान मर्यादा नाही. परिणामी .२२३ ची बोल्ट-ॲक्शन घेऊन साठ-पासष्ट किलोच्या नराला जखमी करून सोडणे कायदेशीर, आणि .३०८ च्या ब्राउनिंग बीएआरने त्याला जागच्या जागी आडवा करणे बेकायदा. नियम जुना आहे, त्याची कारणे समजण्यासारखी आहेत, तरीही हरणाच्या बाजूने विचार केला तर तो उफराटा वाटतो.

अर्थात हजार फूट-पाउंडांचा आकडा म्हणजे काही विज्ञानाचा सिद्धांत नव्हे. धनुष्यातून सुटलेल्या बाणाची ऊर्जा त्याच्या एक दशांशही नसते, तरी दरवर्षी बाणाने लाखो हरणे मरतात. हृदय आणि फुप्फुसे सामावणारा हरणाच्या छातीचा भाग जेमतेम वीस-पंचवीस सेंटिमीटरचा. तेथे बसलेली लहान गोळी पोटात बसलेल्या मोठ्या गोळीपेक्षा केव्हाही बरी. पण नेमका हाच युक्तिवाद लहान गोळीच्या विरोधातही जातो. थंडीने गारठलेली बोटे, धडधडणारी छाती आणि झुडपाआडून अर्धवट दिसणारे जनावर अशा वेळी नेम चारदोन बोटे इकडेतिकडे झाला, तर जड गोळी हाड फोडून आत शिरते, हलकी गोळी वरवर फुटून जाते. जखमी हरीण रानात मैलभर पळते आणि रात्री कोठेतरी तडफडून मरते. शिकाऱ्यांच्या लेखी याहून मोठी नामुष्की नाही.

गोळी कशी फुटते यालाही महत्त्व आहे. बहुतेक राज्यांत हरणासाठी आघातानंतर छत्रीसारखी फुलणारी गोळी सक्तीची असते, संपूर्ण धातूच्या आवरणाची लष्करी गोळी चालत नाही. फुलणाऱ्या गोळ्यांना जगभर 'डमडम' म्हणतात, हे नाव कोलकात्याजवळच्या डमडम येथील ब्रिटिशांच्या शस्त्रशाळेवरून पडले. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने युद्धात अशा गोळ्यांवर बंदी घातली. माणसावर जी गोळी क्रौर्य ठरली, तीच हरणावर दया ठरते, कारण तिने मरण लवकर येते.

सेमी-ऑटोमॅटिकचा हिशेब

सेमी-ऑटोमॅटिकच्या बाजूने मुद्दे नाहीत असे मुळीच नाही. वायूवर चालणाऱ्या यंत्रणेत खांद्याला बसणारा दणका सौम्य होतो. किशोरवयीन शिकारी, किरकोळ बांध्याच्या व्यक्ती आणि खांद्याचे दुखणे असलेले वृद्ध यांच्यासाठी हा फरक मोठा असतो, कारण दणक्याच्या धास्तीने चाप झटकला जातो आणि नेम चुकतो. पहिली गोळी चुकीच्या जागी बसलीच, तर नजर दुर्बिणीवरून न हलवता लगेच दुसरी झाडून जनावराची सुटका करता येते. विरोधकांचे म्हणणे असे, की दुसरी गोळी हाताशी आहे या भरवशावरच पहिली बेफिकिरीने झाडली जाते. दोन्ही बाजूंना आपापले अनुभव आहेत.

तोटे मात्र यंत्राचे आहेत, आणि दुकानदार ते सहसा सांगत नाहीत. वायुयंत्रणेत काजळी साचते. कडाक्याच्या थंडीत चुकीचे वंगण घट्ट होते आणि काडतूस अडकते. रेमिंग्टन ७४२ च्या आतील खाचा वापराने झिजत आणि मग ती वारंवार अडकू लागे. लाखोंच्या संख्येने विकल्या गेलेल्या या रायफलीला शिकाऱ्यांनी 'जॅम-ओ-मॅटिक' हे टोपणनाव दिले, ते उगाच नव्हे. ही रायफल जेथे घडत असे, तो न्यूयॉर्क राज्यातील इलियनचा दोन शतकांची परंपरा सांगणारा कारखाना मार्च २०२४ मध्ये बंद झाला. त्यापूर्वी २०१८ आणि २०२० अशी दोनदा कंपनी दिवाळखोरीत गेली होती.

एआर पद्धतीच्या रायफलीत कॅलिबरची निवड आणि सांगाड्याची निवड वेगळी करता येत नाही. एआर-१५ चे मॅगझिन सुमारे ५७ मिलिमीटर लांबीचे काडतूस सामावते. .२४३, .३०८ किंवा २००७ मध्ये आलेले आणि आज तरुण शिकाऱ्यांच्या तोंडी असलेले ६.५ क्रीडमूर ही काडतुसे त्यात मावत नाहीत. त्यांच्यासाठी एआर-१० चा मोठा सांगाडा लागतो, आणि दुर्बीण, गोळ्या, पट्टा धरून त्या रायफलीचे वजन चार किलोच्या वर जाते. मचाणावर बसून राहणाऱ्याला ते चालते. पेनसिल्व्हेनियाच्या किंवा न्यू हॅम्पशायरच्या डोंगरात दिवसभर माग काढणाऱ्याच्या खांद्याला ते संध्याकाळपर्यंत नकोसे होते. आणि ज्या घनदाट पूर्वेकडील रानात शंभर यार्डांपलीकडचे हरीण दिसणेच दुर्मिळ, तेथे १८९५ साली आलेले .३०-३० हे काडतूस आणि त्याची हलकी लिव्हर-ॲक्शन रायफल आजही आपले काम चोख बजावते. नव्या काडतुसांच्या जाहिरातींत सहाशे-आठशे यार्डांच्या गोष्टी असतात. त्या अंतरावर जिवंत प्राण्यावर गोळी झाडणे योग्य की अयोग्य, हा प्रश्न जाहिरातींना पडत नाही.

लहान सांगाड्यात मोठी गोळी बसवण्याचा मार्ग काढून दिला तो कायद्याने, तोही नकळत. ओहायो, आयोवा, दक्षिण मिशिगन या सपाट आणि दाट वस्तीच्या भागांत दूरवर जाणाऱ्या रायफलीची गोळी धोक्याची मानली जाई, म्हणून हरणासाठी शॉटगनच वापरावी लागे. २०१४ मध्ये ओहायो आणि मिशिगनने, २०१७ मध्ये आयोवाने सरळ भिंतीच्या, म्हणजे बाटलीसारखा गळा नसलेल्या काडतुसांच्या रायफलींना परवानगी दिली. अशा काडतुसांची गोळी जाड आणि संथ असते, ती लवकर खाली येते. विंचेस्टरने २०१९ मध्ये .३५० लेजंड हे काडतूस बाजारात आणले, ते जणू या राज्यांचे नियम समोर ठेवूनच. ते एआर-१५ मध्ये नेमके बसते. मूळ एआर-१५ साठीच घडवलेले .४५० बुशमास्टरही अचानक मिशिगनच्या शेतांत दिसू लागले. ओहायोत बंदुकीत एकूण तीनच काडतुसे ठेवता येतात, न्यूयॉर्कमध्ये सेमी-ऑटोमॅटिकची क्षमता सहापर्यंत मर्यादित आहे, फ्लोरिडात मॅगझिनमध्ये पाच. तीस गोळ्यांचे मॅगझिन लावून हरणामागे धावणारा शिकारी हे चित्र बहुतांश ठिकाणी कायद्यातच बसत नाही.

गंमत अशी, की शॉटगन अधिक सुरक्षित हा समजही तपासणीत टिकला नाही. पेनसिल्व्हेनियाने करवून घेतलेल्या २००७ च्या एका अभ्यासात आढळले, की बंदूक सपाट धरून झाडल्यास जमिनीवर आपटून उसळलेली शॉटगनची गोळी .३०-०६ रायफलीच्या गोळीपेक्षाही दूर जाऊ शकते. न्यू जर्सीत मात्र हरणासाठी रायफल आजही चालत नाही, शॉटगन, तोंडाकडून भरायची बंदूक किंवा धनुष्यबाण हेच पर्याय आहेत.

ताटातले शिसे

कॅलिबर आणि वेग यांची चर्चा स्वयंपाकघरापर्यंतही पोहोचते, आणि या विषयाचा हा भाग सर्वांत कमी बोलला जातो. अमेरिकी शिकारी हरीण टिपतो ते बहुधा खाण्यासाठी. एका हंगामातील एकदोन हरणांवर ग्रामीण कुटुंबाचा वर्षाचा मांसाचा साठा होतो, उरलेले मांस गरिबांसाठीच्या अन्नपेढ्यांना दिले जाते. पेनसिल्व्हेनियात यासाठी १९९१ पासून स्वतंत्र उपक्रम चालू आहे. २००८ मध्ये नॉर्थ डकोटाच्या आरोग्य खात्याने अन्नपेढ्यांना दान आलेले हरणाचे मांस टाकून देण्याचा सल्ला दिला, कारण क्ष-किरण तपासणीत त्यात शिशाचे बारीक कण आढळले होते. वेगवान, हलकी, पातळ आवरणाची शिशाची गोळी मांसात अधिक फुटते. संथ आणि जड गोळी, किंवा एकसंध तांब्याची गोळी कमी फुटते. लहान मुले आणि गर्भवती यांच्यासाठी शिशाची सुरक्षित पातळी अशी नाहीच.

कॅलिफोर्नियाने कॉन्डॉर गिधाडे विषबाधेने मरत असल्याचे पाहून २०१३ मध्ये कायदा केला आणि जुलै २०१९ पासून वन्य प्राण्यांच्या शिकारीत शिशाची गोळी पूर्णतः बंद केली. केंद्रीय पातळीवर मात्र जानेवारी २०१७ मध्ये ओबामा प्रशासनाने जाता जाता काढलेला याच धर्तीचा आदेश दोन महिन्यांत रद्द झाला. तांब्याची गोळी महाग पडते, आणि तांबे शिशापेक्षा हलके असल्याने तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. तिला नळीत पुरेशी फिरकी मिळाली नाही, तर नेम बिघडतो. त्यामुळे तांब्याची गोळी वापरायची असेल तर आपल्या रायफलीच्या नळीतील आटे तिला पेलतात काय, हे आधी चांदमारीच्या मैदानावर जाऊन पाहावे लागते.

कोलोरॅडोकडे लक्ष

आता शिकारी वर्तुळाची नजर कोलोरॅडोकडे आहे. एप्रिल २०२५ मध्ये गव्हर्नर जेरेड पोलिस यांनी स्वाक्षरी केलेल्या कायद्यान्वये सुटे मॅगझिन असलेल्या, वायूवर चालणाऱ्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली विकत घेण्यासाठी प्रशिक्षण आणि त्यापूर्वी शेरिफकडून पात्रतेचे पत्र लागेल. अंमलबजावणीची तारीख १ ऑगस्ट २०२६ ठरवण्यात आली. यातील लक्षणीय तरतूद अशी, की ज्याने शिकारीचे शिक्षण घेऊन प्रमाणपत्र मिळवले आहे, त्याला छोटा अभ्यासक्रम पुरतो, इतरांना मोठा. काही शिकारी रायफली नावानिशी वगळण्यातही आल्या आहेत. १९९४ च्या परिशिष्टाचीच ही आठवण म्हणावी लागेल. शिकारी आणि केवळ बंदूक बाळगणारा यांच्यात कायद्याने प्रथमच इतकी स्पष्ट रेघ ओढली आहे, आणि ती ओढली जावी की नाही यावर शिकारी स्वतःच दुभंगलेले आहेत. शस्त्रसंघटनांना ही फूट नको आहे, कारण अमेरिकेत बंदुकीच्या हक्काला सामान्य मतदारांपुढे सभ्य चेहरा मिळतो तो शिकाऱ्याचा.

दुसरीकडे इलिनॉय आणि वॉशिंग्टन या राज्यांनी २०२३ मध्ये एआर पद्धतीच्या रायफलींच्या विक्रीवर थेट बंदी घातली. मेरिलँडच्या अशाच बंदीविरुद्धचे प्रकरण सुनावणीस घेण्यास सर्वोच्च न्यायालयाने जून २०२५ मध्ये नकार दिला, त्यामुळे घटनात्मक निवाडा लांबला. दरम्यान शिकाऱ्यांची संख्या घटते आहे. पेनसिल्व्हेनियात १९८० च्या दशकाच्या आरंभी परवानाधारक तेरा लाखांपर्यंत होते, आता ते नऊ लाखांच्या आसपास आहेत. १९३७ च्या कायद्यान्वये बंदुका आणि काडतुसे यांवर आकारला जाणारा १० ते ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. शिकारी कमी झाले तरी हा कर आटला नाही, कारण आत्मरक्षणासाठी वा नेमबाजीसाठी एआर-१५ आणि पिस्तुले घेणारे तो भरतात. ज्या रायफलीला गेम कमिशन हरणाच्या रानात शिरू देत नाही, तिच्या विक्रीतून त्याच रानाची निगा राखली जाते.

पेनसिल्व्हेनियाने २०२५ मध्ये रविवारच्या शिकारीवरील जुनी बंदी कायद्यातून काढून टाकली. सेमी-ऑटोमॅटिकचा नियम मात्र हरणापुरता जसाच्या तसा आहे. 'मॉडेल ७६०' चे उत्पादन थांबून चार दशके लोटली, तरी हंगामाआधी जुन्या बंदुकांच्या दुकानांत तिची चौकशी होते, आणि अनेक घरांत ती आजोबांकडून नातवाकडे आली आहे. तिच्यासाठी मागितले जाणारे काडतूस बहुधा .३०-०६ असते, १९०६ सालचे.